तो बॉल फ्रान्सिसचा होता

रवि. २७ एप्रिल १९५८, थळ

सकाळच्या लाँचने रेवसला, तिथून घरी. यशोदा छबीला घेऊन दोन महिने आधीच आली आहे. छबीने मला ओळखलं नाही, रडली. वर्षाची पोर, तिचा काय दोष.

बा जाळं सांधत होता. मान वर न करता विचारलं, "अवंदा किती खेळलास?"

"चार मॅच."

"नि बाकीच्या?"

"बाकावर होतो."

बाने पुढची गाठ मारली. दादाच म्हणाला, "पगार पुरा दिला का न्हाय? मग झालं तर!"

पगार पुरा दिला. मिलच्या हजेरीपटावर मी क्लार्क. टेबल आहे, टेबलावर काम नाही. परळला मिलची खोली. अलिबागच्या हेडमास्तरांना नसेल एवढा पगार. त्याच्या बदल्यात मिलच्या फुटबॉल टीमचा दुसरा गोलकीपर म्हणून बाकावर बसायचं. गोलात फ्रान्सिस. माझगावचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि माझ्याहून चांगला. हे लिहायला मला जड जात नाही.

चार मॅच मिळाल्या त्या त्याची बोटं मोडल्यावर.

बुध. ३० एप्रिल

मिलचं पत्र आलं. कलकत्त्याहून नवा गोलकीपर आणलाय, पहिला तो. मी पुन्हा दुसरा. पगार वाढवून तीनशे, खोली कायम, करार तीन वर्षांचा. सही २६ मे, सोमवारी, ऑफिस बंद व्हायच्या आत.

मी गावी निघताना मिलच्या स्पोर्ट्सचे साहेब बोललेच होते, "तुला खेळवायला नाही रे ठेवत. दुसऱ्या कुणी तुला खेळवू नये म्हणून ठेवतोय." हसत बोलले. मीही हसलो.

फ्रा.ला फेब्रुवारीत काढलं. खेळता न येणारा क्लार्क त्यांना कशाला हवा.

जेवताना पत्र वाचून दाखवलं. बा म्हणाला, "होरी सालभर वाळूत वर ओढून ठेवली तर फाटते."

दादा उसळला. "आन पाण्यात ठेवली तर कीड लागते! घरबसल्या तीनशे येत असतील तर फाटू दे. आमी काय दर्यात खेळायला जातो?"

"फाटल्या होरीत कोन बसंल?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरी मोडत राहिलो.

शनि. ३ मे

पहाटे किनाऱ्यावर गेलो. बोंबील वाळवायचे खांब ओळीने उभे. दोन खांबांच्या मधे एक माणूस, गुडघ्यात वाकून, हात पुढे. फ्रान्सिस! जवळ गेलो तर शेजारची काकी पडलेले बोंबील वेचत होती.

हे तिसऱ्यांदा. मुंबईत एकदा ट्रामच्या दारात दिसला होता, एकदा देवळात. फ्रा. जिवंत आहे, परळहून ट्रामने थोड्याच अंतरावर माझगावला राहतो, आणि मी त्याला भुतासारखा बघतो.

एकदा लिहून टाकतो, म्हणजे सुटेल. गेल्या सप्टेंबरची प्रॅक्टिस. एक गडी कमी होता म्हणून मला पुढे घातलं, गोल करायला. उजवीकडून उंच बॉल आला. फ्रा. गोल सोडून पुढे झेपावला. मी पाय उचलला. बॉल, त्याचा हात, माझा बूट. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज. उजव्या हाताची दोन बोटं.

तो नेहमी ओरडतो, "माझा!" तेव्हाही ओरडला असेल. वारा होता. ऐकू आलं नाही.

सगळे म्हणाले, खेळात असं होतं. फ्रा.सुद्धा म्हणाला.

मंगळ. ६ मे

दुसरं पत्र! गोदीजवळच्या वर्कशॉपच्या टीमचं. सेक्रेटरी कामत लिहितात, "तुमचे गेल्या मोसमातले चारही सामने मी पाहिले. आमच्याकडे या. पहिल्या सामन्यापासून तुम्हीच गोलात." पगार एकशेतीस. खोली नाही. २६ तारखेला चार वाजता त्यांच्या मैदानावर बोलावलंय. म्हणजे तोच सोमवार.

चारही सामने पाहिले. हे वाक्य किती वेळा वाचलं…

यशोदेला सांगितलं. खोली जाईल हेही. ती मासळी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"खोली गेली तर मी हितं ऱ्हाईन. बोंबील वाळवीन. लग्नाआधी काय करत व्हते?"

"तुला चालेल?"

"न्हाय चालणार. पर तुमी दसऱ्यापासून झोपेत हात वर करता. परवा छबीला लागला. कुनाला अडवता वो?"

मी पत्राची घडी करून खिशात घातली.

शुक्र. ९ मे

ओहोटीला गावातल्या गड्यांनी वाळूवर खेळ मांडला. दोन वल्ही रोवून गोल. मला म्हणाले, "मुंबईवाले, उभे ऱ्हावा."

उभा राहिलो. काय सांगू. पाय वाळूत रुतताहेत, समोरून बॉल येतोय आणि तो फक्त माझ्याकडे येतोय. दोन सालांनी चार मॅच, आणि नंतर आजच. तासभर एकही आत जाऊ दिला नाही. हनुमान पाटलाचा एक तर पडता पडता बोटांच्या टोकाने वल्ह्यावरून काढला. गडी ओरडले. मीपण ओरडलो असेन.

मग एक उंच आला. मी पुढे धावलो, घशातून आपोआप निघालं, "माझा!"

हात तिथेच थिजले. बॉल डोक्यावरून गेला.

ऐकू आलं होतं. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. वारा नव्हताच. 'माझा' ऐकलं, बॉल त्याचा आहे हे कळलं, आणि पाय मागे घेण्याएवढा वेळ होता. घेतला नाही. बोटं मोडावीत असं मनात नव्हतं. पण काहीतरी मनात होतं. दोन साल त्याच्या पाठीकडे बघत बसलो होतो.

सोम. १२ मे

फ्रान्सिस आला.

दुपारी दारात उभा. पांढरी पँट, हातात कागदी पिशवी, छबीसाठी बिस्किटं. मला वाटलं पुन्हा तेच, खांबांमधे दिसला तसं. पण आय म्हणाली, "कोन पावना आलाय बघ."

"नारायण, लाँच एवढी हलते हे सांगायचं नाय काय?" हसला.

बाशी त्याचं जमलं. खांदेरीचा दिवा, सुरमईचे भाव, गोदीतल्या बोटी. जेवायला बसल्यावर त्याने छातीवर क्रूस केला, आय थांबून बघत राहिली. मग तो जेवायला लागला आणि मला दिसलं. दोन बोटं वाकत नाहीत. घास नीट बांधला जात नाही, भात मधून गळतो. पानाभोवती शितं. यशोदेने न बोलता चमचा आणून ठेवला. त्याने घेतला नाही.

मंगळ. १३ मे

सकाळी फ्रा. म्हणाला, "चल, वीस बॉल मार मला."

वल्ही पुन्हा रोवली. मी हळू मारले.

"असे तुझ्या पोरीला मार."

मग जोरात मारले. खालचे सगळे अडवले. काय झेपावतो अजून! डाव्या अंगाचे अडवले. उजव्या अंगाचे वरचे मात्र हाताला लागून जात होते. लागून जात होते, ते बघवत नव्हतं. विसातले पाच गेले. पाचही तसेच.

धापा टाकत वाळूत बसला. मग कशाला आला ते सांगितलं. वर्कशॉपने मार्चमध्ये त्याला बघितलं होतं. बघू म्हणाले. मग मला पत्र घातलं.

"तू नाही म्हटलंस तर त्यांच्याकडे मीच उरतो. जूनचा मोसम तोंडावर आलाय, दुसरा कुठून आणतील? मी बत्तीसचा, नारायण. हे एक साल, फार तर दोन. तुझं काय, तुला मिल तीनशे देतेच आहे."

"देतेय."

"मग?"

बॉल धुवायला म्हणून मी पाण्याकडे गेलो. पाठ केली की बरं वाटतं त्याच्याकडे.

बुध. १४ मे

फ्रा. गेला. चोंढीच्या फाट्यापर्यंत पोचवायला गेलो, तिथून रेवसची एस.टी. माडांच्या वाटेने चालत. तो बोलत होता, मी नाही. फाटा दिसायला लागला तसं तोंडातून निघालंच.

"त्या दिवशी तू ओरडलास ते मला ऐकू आलं होतं."

तो चालत राहिला. दहा-वीस पावलं.

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझी मान वळली होती. ऐकल्याशिवाय मान वळते काय?"

"मग आठ महिने बोलला का नाहीस?"

"बोलून काय, बोटं वाकतील?"

मी म्हटलं, मी वर्कशॉपला नाही म्हणतो. आजच लिहितो. तेवढं तरी.

तो उभा राहिला. पहिल्यांदा रागावलेला दिसला. "काल म्हटलं असतंस तर घेतली असती जागा. न बोलता. तुला ठाऊक, मला ठाऊक, संपलं. म्हणून तर आलो होतो एवढा लांब. आता तू तोंडाने सांगितलंस. आता ती जागा तू दिलेली होते. तुझ्याकडून नको मला."

एस.टी. आली. चढताना डाव्या हाताने दांडा धरला. खिडकीत बसला तो दुसऱ्या बाजूच्या.

सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात.

रवि. १८ मे

काल वर्कशॉपला नकार लिहिला. वाचून बघितला. चांगला दिसला. फारच चांगला दिसला. फ्रा.वर उपकार, हातात तीनशे, यशोदेची खोली शाबूत, दादा खूष. सगळं एकाच बाजूला. पगारासाठी बाकावर बसायचं आणि वर पुण्यही लागायचं. चुलीत घातला.

आज होकार लिहायला घेतला. 'आपला' पर्यंत आलो, पुढे नाव लिहवेना. त्याची बोटं मी मोडली आणि त्याची जागाही मीच…

दादाला सगळं सांगितलं. त्याने विडी पेटवली. मग म्हणाला, "आपल्या आळीत कुनाचं जालं चुकून कापलं तर आपण जालं भरून देतो. बोटं कशी भरून देशील? सही कर नि इसर. तीन सालात समदं इसरशील."

तीन साल बाकावर. विसरायला तीच जागा सगळ्यात वाईट, हे त्याला कसं सांगू. तिथे दुसरं कामच नाही. समोर बघायचं आणि आठवायचं.

बाला काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी शेजारी येऊन बसला, मग उठून गेला.

शुक्र. २३ मे

पावसाआधी होड्या वर ओढल्या. अख्खी आळी दोराला. माझे हात सोलले. बा दर खेपेला ओरडत होता आणि आम्ही खेचत होतो. दोन तास डोक्यात काही नव्हतं. असे दोन तास कितीतरी दिवसांनी.

घरी आलो तर फ्रा.चं कार्ड. अक्षर वाकडं, डाव्या हाताचं.

"सोमवारी चार वाजता मी वर्कशॉपच्या मैदानावर येतोय. कामतसाहेबांना सांगितलंय, दोघांना उभं करा, जो चांगला त्याला घ्या. तू ये. आला नाहीस तरी मी उभा राहणार."

दादाने वाचलं. "येडा हाय का ह्यो? मोडक्या हातानं?" मग मला म्हणाला, "तू जाऊ नको हां. जिंकलास तरी शोभणार न्हाय."

यशोदा म्हणाली, "त्यांनी बोलावलंय. तुमी ठरवायचं काय त्यात?"

आणि बूट उन्हात ठेवले.

सोम. २६ मे, रेवस, धक्का

लाँचची वाट बघतोय. दर्या खवळलाय. तिकीटवाला म्हणतो आजची जाईल, उद्याचं सांगत नाही.

यशोदा फाट्यापर्यंत आली होती. छबी आता ओळखते, मिशी ओढते. यशोदेने विचारलं, "हितंच ऱ्हाऊ की खोलीवर येऊ?" म्हटलं, कळवतो.

मिलचा करार खिशात आहे. सही केलेली नाही. मुंबईच्या धक्क्यावरून परळला गेलो तर साडेतीनपर्यंत ऑफिसात. सही करायला दोन मिनिटं. मैदान उलट दिशेला. चारला पोचायचं तर परळ होत नाही.

नाही गेलो तर तो एकटा उभा राहील, पाच-सहा वरचे लागून जातील, आणि तरी कदाचित त्यालाच घेतील, कारण दुसरा नाही. त्याला कळेल कसं मिळालं ते.

गेलो तर शेजारी शेजारी उभे. मला अडवावे लागतील. सगळे. उजव्या अंगाचे वरचेसुद्धा, त्याच्या डोळ्यांदेखत. एक जरी मुद्दाम सोडला तर दुसऱ्या कुणाला कळणार नाही, कामतांना नाही, कुणालाच नाही. फ्रा.ला कळेल. तो गोलकीपर आहे.

आणि खरं सांगायचं तर मला अडवायचे आहेत. परवापासून हात शिवशिवताहेत. याचीच भीती वाटते. सप्टेंबरातही पाय असेच…

लाँच लागली. लोक उठले. बूट काखोटीला मारून जागा धरतो.