बाई, हे हिरवं आहे

सातव्या मजल्यावर अडकून पडलेल्या तीर्थस्वरूप आत्यास, रस्त्यावरच्या भाच्याचा मान वर करकरून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात, झोप लागते का, जेवण वेळेवर होतं का, हे सगळं मी फोनवरच विचारणार होतो. पण तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललासच तर माझा आवाज ऐकून आपटतेस (जरा हळू आपटत जा, कानात घुमतं). मग आठवलं, त्या वकिलांची कागदपत्रं तू भाषांतर करून देतेस त्यासाठी घरात फॅक्स मशीन ठेवलं आहेस, आणि मशीनला काही अबोला धरता येत नाही. आलेला कागद ते मुकाट्याने बाहेर काढतं. (पानाच्या डोक्यावर "यंत्राची सर्वसाधारण प्रकृती : समाधानकारक" असं छापून आलं असेल. ते तुझ्याबद्दल नाही. का आलं ते शेवटी सांगतो.) पत्राच्या सुरुवातीला आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायचं असतं, पण माझी छाती अजून धडधडते आहे, तेव्हा खोटं कशाला लिहू.

तुमच्या लिफ्टला सील लागलं ते माझ्यामुळे, हे तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तुला जिन्यातून ओरडून सांगितलंच आहे. रविवारी तुमच्या इमारतीची बुद्धिबळाची अंतिम फेरी, पट खालच्या खोलीत मांडलेला, आणि तुला जिना उतरायला डॉक्टरांची साफ मनाई. तू खाली आली नाहीस तर दंतवैद्य न खेळताच विजेते. दर वर्षी त्यांच्याकडून हरतेस आणि यंदा कुठे त्यांना घाम फोडायची तयारी केली होतीस. तुझा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पण मी नेमकं काय केलं हे तुला कुणी धड सांगितलं नसणार, कारण कुणाला ते धड कळलेलंच नाही. मला कळलं त्या दिवशी कचेरीत परतून मी खुर्चीत बसलो तो बसलोच. शेवटी आमच्या साहेबांनी येऊन विचारलं की याला वारा घालायचा की पाणी मारायचं.

तुला ठाऊकच आहे, आमची कंपनी लिफ्ट तपासते आणि अहवाल परवाना कार्यालयाला पाठवते. तिथे ईमेल चालत नाही. फॅक्सच लागतो, नियम आहे. आता आमच्याकडे तुझ्यासारखं मशीन नाही. कोपऱ्यात चहाच्या किटलीशेजारी एक डबा आहे, त्याला फॅक्स सर्व्हर म्हणतात. त्या डब्याच्या फार तऱ्हा. आमचा अहवाल त्याला आहे तसा खपत नाही. आमच्या सॉफ्टवेअरने अहवालाची टिफ नावाची फाईल करून द्यावी लागते, म्हणजे पानाचं चित्रच, आणि तेसुद्धा असं की प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. मधलं काही त्याला कळत नाही. (थोडं तुझ्यासारखंच. तुझ्या लेखी माणूस एकतर सोन्यासारखा, नाहीतर वाया गेलेला.) हे रूपांतर करणारा भाग मी सांभाळतो. कैक वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच माझ्या हाताला खाज सुटली.

झालं असं की साहेब म्हणाले, आपले अहवाल फार रुक्ष दिसतात. त्यांनी नुसतं म्हटलं होतं. मी मात्र उत्साहाने सगळ्या अहवालांचं रूप पालटलं. लिफ्टची जी जी बाब तपासणीत उत्तम ठरली, तिच्या ओळीमागे गर्द हिरवी पट्टी. जिथे दोष आहे ती ओळ तशीच पांढरी, म्हणजे पटकन नजरेत भरावी. पडद्यावर ते इतकं देखणं दिसायचं की साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अहवाल गेले. प्रत्येक फॅक्सपुढे सर्व्हरने "यशस्वी" असं लिहून दिलं. आत्या, त्या "यशस्वी"वर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. पलीकडे कागदावर काय उमटतं हे आमच्या कचेरीत कुणी आजवर पाहिलेलंच नव्हतं, कारण पाहायला आमच्याकडे मशीनच नाही!

मग एके दिवशी परवाना कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या निरीक्षक बाई (अत्यंत न्यायी, टेबल असं स्वच्छ की त्यावर नुसता कागद ठेवायला संकोच वाटावा) उभ्याच होत्या. त्यांनी माझ्यापुढे तुमच्याच लिफ्टचा अहवाल ठेवला. तो पाहून माझे डोळे पांढरे झाले. वरपासून खालपर्यंत काळेकुट्ट पट्टे. दोर, ब्रेक, दरवाजा, धोक्याची घंटा, सगळं काळ्याखाली गाडलेलं, आणि त्या अंधारात दोनच ओळी स्वच्छ वाचता येत होत्या : आतल्या आरशाला तडा आहे, आणि पंखा आवाज करतो. बाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हणालो, "बाई, हे हिरवं आहे."

त्यांनी कागद उचलून उजेडात धरला, उलटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे?"

त्यांचा तर्क अगदी सरळ होता (कुशाग्र बुद्धी, असा तर्क मलाही लढवता आला असता तर ही वेळ आली नसती). जी कंपनी फुटका आरसा आणि कुरकुरणारा पंखा दाखवते आणि दोराची ओळ काळी करून पाठवते, ती काय लपवत असणार? तेव्हा जिथे जिथे ओळी झाकलेल्या, तिथे तिथे सील. आणि आता खरी गोष्ट ऐक. ज्या लिफ्टमध्ये सगळं ठाकठीक, तिचा अहवाल सगळ्यात काळा. जिच्यात दोषच दोष, तिचा अहवाल कसा लख्ख पांढरा! म्हणजे शहरातल्या धडधाकट लिफ्ट धडाधड बंद पडल्या, आणि एका गोदामाची लिफ्ट, जिचा दरवाजा लागत नाही, तळ कलला आहे आणि घंटा वाजवली की दिवा जातो, तिच्या अहवालावर "प्रांजळ कंपनी, दुरुस्तीला मुदत द्यावी" असा शेरा. मी तो वाचला आणि ओरडलोच. ती लिफ्ट आधी थांबवा, म्हणालो, मग मला काय ती शिक्षा करा. बाईंनी एकही प्रश्न न विचारता तिथल्या तिथे फोन लावला आणि ती थांबवली. (कर्तव्यदक्ष हा शब्द आपण उगाच कुणालाही वापरतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं.) त्यानंतर त्यांनी आमच्या कंपनीचा नंबर आपल्या मशीनवर बंद करून टाकला, तेही योग्यच केलं.

कचेरीत परत आलो तर साहेब पंख्याखाली बसून घाम पुसत होते. मी म्हटलं, हिरवा रंग काढून टाकतो. तर नाही! नवी पत्रकं छापून झाली आहेत, त्यावर हिरवा रंग म्हणजे आमची ओळख, असं ठळक लिहिलेलं. पडद्यावर हिरवं राहिलं पाहिजे, फॅक्सवर पांढरं आलं पाहिजे. (साहेब दूरदृष्टीचे आहेत, जवळचं मी बघतो.) पहिल्या प्रयत्नात मी पट्टी फिकी केली, तर सॉफ्टवेअरने तिचे बारीक ठिपके केले आणि अख्ख्या पानाला गोवर उठला. दुसऱ्या प्रयत्नात पट्टी गेली पण अक्षरंही गेली. एवढा कोरा अहवाल पाहून मला क्षणभर शांत वाटलं, मग जास्तच घाबरलो. आता फाईल तयार व्हायच्या आधी पट्टी तेवढी पुसली जाईल आणि अक्षरं राहतील अशी सोय केली आहे. माझ्या पडद्यावर ती चोख दिसते. पण माझ्या पडद्यावर मागेही सगळं चोखच दिसत होतं, तेव्हा त्या दिवसापासून मी त्याच्याकडे पाहतो ते जरा तिरक्या नजरेनेच.

तर आत्या, माझ्या एका हिरव्या पट्टीपायी तू सातव्या मजल्यावर कोंडली गेलीस. दूध, भाजी, वर्तमानपत्र सगळं दोरीला टोपली बांधून वर ओढतेस असं ऐकतो, आणि मला जेवण गोड लागत नाही.

आत्या, चुकलं माझं.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना शेक देत जा. उत्तराची घाई नाही.

तुझा,
उपद्व्यापी भाचा

ता.क. : उत्तराची घाई आहे. बाई म्हणाल्या, पडद्यावरचं काही दाखवू नका. खऱ्या मशीनमधून बाहेर आलेला कागद आणा, तो वाचता आला तर सगळे अहवाल पुन्हा घेते आणि शनिवारी सील काढते. माझ्या ओळखीत खरं मशीन एकट्या तुझ्याकडे आहे. तेव्हा हे पत्र म्हणजे चाचणीचं पान. आमच्याच सॉफ्टवेअरमधला अहवाल उघडून, त्यातल्या "शेरा" या रकान्यात मी ते लिहिलं आणि त्याच टिफ फाईलमध्ये, त्याच डब्यातून पाठवलं. म्हणून वर यंत्राची प्रकृती आली. खराखुरा अहवाल पाठवला असता तर तू बोळा करून फेकला असतास. पत्र मात्र तू कितीही रागावलीस तरी शेवटपर्यंत वाचतेस.

ता.क. २ : सगळी पानं टोपलीत घालून खाली सोड. ती थेट बाईंच्या टेबलावर जाणार आहेत. त्यांच्या न्यायबुद्धीबद्दल आणि स्वच्छतेबद्दल मी मधूनमधून इतकं का लिहिलं, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. एक प्रत साहेबही वाचणार आहेत, म्हणून ती दूरदृष्टी. हे ताज्या कलमांचं शेवटचं पान तेवढं आठवणीने तुझ्यापाशीच ठेव.

ता.क. ३ : दंतवैद्य रोज संध्याकाळी पटासमोर बसून तुझ्या बाजूनेही खेळतात, आणि म्हणे तीन वेळा तू जिंकलीस. ते फार घाबरले आहेत. रविवारी ये.

ता.क. ४ : हिरवी पट्टी मी एकाच ओळीमागे घातली आहे, "बाकी सर्व ठीक"च्या बरोबर वरच्या. तिथे काळा पट्टा आला असेल तर त्याखाली फार सुंदर, दोन पानी, डोळ्यांत पाणी आणणारी माफी होती असं समज, आणि ती तोंडी मागायला मला सात मजले चढून यावं लागेल. नीट वाचता आली असेल, तर ती एवढीशीच आहे हे तुला कळलंच. मला दुसरी लिहिता आली नाही. तुझं मशीन पानं सावकाश काढतं, तोवर मी तुझ्या खिडकीखाली पोचलेलो असेन. टोपली सोडताना एकदा खाली बघ.