तिघांनी वेगवेगळं बघायचं

३ मार्च

केळं आलं! सकाळी दहानंतर प्रयोगशाळेतल्या स्क्रीनच्या तळाशी लाल डाग, दुपारपर्यंत तो वर वळत गेलेला. हवेत नवे कण जन्मून वाढायला लागले की असा आकार उमटतो, आम्ही त्याला केळंच म्हणतो. बोका – आमचा यंत्रवाला, मिशांमुळे बोका – ओरडला, "काय सुरेख आलंय! फ्रेम करून लावा!" मी मान डोलावली. वाटलं काहीच नाही. हल्ली वाटतच नाही. भूक नाही, झोप नाही, रडूसुद्धा नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, दगड झालेय.

संध्याकाळी हॉस्पिटल. नवरा तसाच. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून डोळे मिटलेले, श्वास यंत्राचा.

५ मार्च

दिवसभर ढग. केळं नाही.

६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना आत बोलावलं – सासूबाई, भावजी, मी. आडपडदा न ठेवता बोलल्या. "सुधारणा होईल असं मला आता वाटत नाही. यंत्र काढायचं का, ते घरच्यांनी ठरवा. काढलं तर फार तर तासभर." सासूबाई स्वतःच्या नखांकडे बघत होत्या. भावजी म्हणाले, "थोडा वेळ द्या आम्हाला." बाई म्हणाल्या, घ्या.

७ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर सासूबाईंनी अचानक विचारलं, "तू दिवसभर करतेस तरी काय गं तिथे?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

सांगितलं. हवेत वाफा असतात – धुरातल्या गंधकाच्या, खतातल्या अमोनियाच्या, झाडांनी सोडलेल्या. ऊन पडलं की त्यातले काही रेणू बदलतात, एकमेकांना चिकटतात. नुसत्या वाफेतून कण तयार होतो, धुळीचा आधारसुद्धा लागत नाही. बहुतेक लगेच विस्कटतात, नाहीतर हवेतल्या जुन्या मोठ्या कणांना चिकटून संपतात. गर्दी असली की नव्यांचं काही खरं नाही. जे वाचतात ते वाढत जातात, आणि पुरेसे मोठे झाले की त्यांच्यावर ढगाचे थेंब धरतात.

"दिसतात?"

"छे! लाखो बसतील केसाच्या टोकावर."

"मग कळतं कसं?"

"यंत्र सांगतं."

"मेलं जिथे तिथे यंत्रच," म्हणाल्या, आणि डबा उघडून माझ्यापुढे धरला. दोन घास खाल्ले.

९ मार्च

महिन्याची छाननी. आमची पद्धत जुनी आहे. प्रत्येक दिवसाचं चित्र तिघांनी वेगवेगळं बघायचं – आमचे प्रमुख सर, बोका, मी. आपसात बोलायचं नाही. केळं आहे का, याला 'हो', 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' असं लिहायचं, मग जुळवायचं. बोलत बसलं तर सरांना जे दिसतं तेच सगळ्यांना दिसायला लागतं. हे सरच म्हणतात.

आज सगळ्यात जास्त 'सांगता येत नाही' माझे. एका चित्राला सर म्हणाले, "अहो, इथे शेंबडं पोरही हो म्हणेल!" असेल.

१० मार्च

घरी ठरवायला बसलो. भावजी म्हणतात, आई म्हणेल तसं. सासूबाई म्हणतात, तिला विचार. मी म्हणते, भावजींना काय वाटतं? एकमेकांवर ढकलण्यात तासभर गेला. मग माझ्या डोक्यात आलं – तीन चिठ्ठ्या फाडल्या. म्हटलं, तिघं वेगवेगळं लिहू, न बोलता.

सासूबाईंनी चिठ्ठी माझ्या अंगावर फेकली. "लेक आहे तो माझा! सोडत काढतेस?"

भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, हे ऑफिस नाहीये हो."

कोणा एकावर दोष येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. कोणी जेवलं नाही.

११ मार्च

कामावर गेले. केळं होतं की नव्हतं, बघितलं नाही.

१२ मार्च

सासूबाई खोलीत आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या. "असलं लिहून होत नाही गं. बोलावं लागतं. माझ्या तोंडून नाही निघणार, मी जन्म दिलाय त्याला. तू बोल. तू म्हणशील त्यात मी आहे. उद्या कोणी तुझ्याकडे बोट दाखवलं तर म्हणावं, म्हातारीला विचारा."

मी म्हणाले, "काढू या."

त्यांनी माझा हात धरला. त्या रडत होत्या, माझे डोळे कोरडेच. लाज वाटली मला.

१४ मार्च

सकाळी यंत्र काढलं. भावजी बाहेरच थांबले, त्यांना जमेना. आम्ही दोघी दोन बाजूंना. मी त्याच्या कानाशी सगळं सांगून टाकलं. जा म्हटलं, आमची काळजी करू नकोस.

तास झाला. दुपार झाली. संध्याकाळ झाली. नर्स येते, नाडी बघते, जाते. श्वास चालू आहे – त्याचा त्याचा.

१६ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जागे होणार नाहीत. पण अशी माणसं वर्षानुवर्षं राहतात. घरी न्यायची तयारी करा." सासूबाईंनी त्याच्या कपाळाचा मुका घेतला. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. आनंदाने नाही. मी त्याला निरोप देऊन बसले होते.