बिनमिठाची आंबील

प्रिय सुधाकर,

तुझा चुलतभाऊ किसनदादा हल्ली उठता-बसता "आता काय, आपलं बोलावणं आलंच" असं म्हणतो. खरंच आलं, तर तिकडे पोचल्या पोचल्या तो तुला गाठणार आणि यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या पूजेला, तुझ्या रानात काय झालं ते सांगणार. चुकीचं सांगणार! रेणापुरात त्याची हकीकत दर आठवड्याला सुधारून निघते. परवाच्या आवृत्तीत तर त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. त्याच्या आधी माझं पोचावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. फार आठवण आली म्हणून वगैरे नव्हे. तसं लिहिलं असतं, तर तूच पहिला हसला असतास.

मूळ भानगड तुझ्या पोराची. अभिजित पुण्यात बिअर बनवण्याच्या नोकरीला आहे, हे तुला माहीत होतं, सुनंदावहिनींना माहीत होतं, मला माहीत होतं. बाकी साऱ्या गावाला तू सांगितलेलं माहीत होतं: पोरगा किण्वनशास्त्रात आहे. आंबवण्याला काय शब्द शोधलास रे! तो ऐकून तुझ्या शाळेतल्या हेडमास्तरांनी पेढे मागितले होते आणि तू ते दिलेही होतेस. लोकांना वाटायचं, हे काहीतरी उपग्रहाशी संबंधित असावं.

तर आता त्या शास्त्रज्ञाला गावी यायचं आहे. आपल्याच रानातल्या ज्वारीची बिअर करायची, लातूरच्या रस्त्याला लागून जो तुकडा आहे तिथे शेड टाकायची, परवान्यांच्या मागे लागायचं. जमीन वहिनींच्या नावावर, म्हणजे सही वहिनींची. आणि वहिनी दसऱ्यापासून एकच वाक्य बोलत होत्या: "येळवशीला करून आण, मग बघू." चांगली असली तर ये, नसली तर पुण्याची नोकरी आहेच, असा तो सरळ हिशेब. तुझ्या मागे घर त्यांनी एकटीनं चालवलं. गाव काय म्हणेल याची त्यांना फिकीर नव्हती असं नाही, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. पोरगं हातातली नोकरी सोडून येईल आणि इथेही काही जमणार नाही, ही.

मला त्यांनी फोनवर बजावलं. "भाऊजी, तुम्ही पिता बी अन् पेपरात लिहिता बी. जरा हिंडून बघून या, असलं काही आपल्याकडं चालतंय का."

बघ, पिण्यासाठी मला सरकारी कामावर पाठवल्यासारखं झालं. तू असतास तर बरोबर आला असतास. नेमका हवा असतास तेव्हा नसायचं, ही तुझी जुनी खोड आहे.

नांदेडला बायपासवर ताज्या बिअरची एक जागा झाली आहे. काचेमागे चकचकीत टाक्या आणि त्यांच्याकडे तोंड करून बसलेली गिऱ्हाइकं. आपण सारा जन्म दूध डेअरीच्या टाकीपुढे उभे राहिलेली माणसं, आपल्याला टाकीचं काय कौतुक! पण पोरं तिच्यासोबत फोटो काढून राहिली होती. वेटरने लाकडी फळीवर चार इवले ग्लास आणले. डोळ्यात औषधाचे थेंब घालायला बसवल्यासारखं वाटलं मला.

"सर, यात संत्र्याच्या सालीची झाक आहे."

तू नक्की विचारलं असतंस, झाक म्हणजे ग्लास नीट विसळला न्हाई का म्हणून.

कार्डावर ऋतूंप्रमाणे यादी होती. उन्हाळ्यात आंब्याची, पावसाळ्यात आल्याची, थंडीत खजुराची. मी विचारलं, "ज्वारीची हाय का?"

पोरगा कार्ड उलटून पाहू लागला. "सर, डाएटवाल्यांचा मेन्यू वेगळा आहे."

मग लातूरच्या अलीकडे एका रिसॉर्टवर हुरडा महोत्सव होता, तिथेही गेलो. बैलगाडीत बसायला रांग. देवणी वळूबरोबर फोटो काढायला दुसरी रांग. वळू आमच्यापेक्षा जास्त कंटाळलेला. हुरडा गॅसच्या शेगडीवर भाजत होते आणि बाजूला शोभेची शेकोटी पेटवलेली. 'स्थानिक बिअर' असा भला मोठा फलक होता, पण परवानगी वेळेत पोचली नव्हती, म्हणून त्याच फलकाखाली लिंबूसोडा विकत होते. गर्दी मात्र हटेना. दोघं-तिघं तर पिऊन जरा मोठ्याने बोलायलाही लागले होते!

आपलं हिंडणं वेगळं होतं रे. देगलूरकडे सीमेलगत शिंदीच्या झाडाखाली सकाळी उन्हं चढायच्या आत पोचायचं, कारण दुपार झाली की तीच शिंदी आंबट होते आणि डोक्यात जाते. तिथेही तुझी शाळा सुटायची नाही. शिंदी का आंबते, हे तू शिंदीवाल्यालाच समजावून सांगायचास. शेवटी तो बिचारा म्हणाला होता, "सर, पिऊन राहिलात का शिकवून राहिलात?" त्यानंतर बराच वेळ तू फक्त पीत होतास. तुझ्या आयुष्यातला तेवढाच शांत तास मी पाहिला आहे.

वहिनींना अहवाल दिला: चालतंय, पण काय चालतंय ते चालवणाऱ्यालाही ठाऊक नाही.

"म्हणजे हो का न्हाई?"

"येळवशीला बघू," मी म्हणालो. तुमच्या घरचंच वाक्य.

येळवस आली. लातूर नेहमीसारखं ओस, रस्त्यावर संचारबंदी असल्यागत शुकशुकाट, सगळी माणसं रानात. तुझ्या रानात कडब्याची कोप, पूजेचं खोपटं, छान उभी केली होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगडांचे पांडव. बायकांनी मिसळभाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणलं, बाजरीचे उंडे आणले, आंबट भात आणला. आणि किसनदादाच्या बायकोने, कमळाकाकूंनी, मातीच्या बिंदग्यात आंबील. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ, रात्रभर मुरलेली. वासानेच अर्धं पोट भरत होतं.

अभिजित गाडीतून स्टीलचं पिंप घेऊन आला. वहिनींनी लांबूनच हात केला. "ते भांडं पांडवांपुढं नगं. अन् पाहुण्यांत बी नगं. लगीनघरात पोलीस आल्यावानी दिसतंय."

मग त्याने काय केलं असेल? घरून एक रिकामं बिंदगं आणलं होतं, त्यात बिअर ओतली, वर ओलं पोतं टाकलं आणि कोपीच्या मागे सावलीत नेऊन ठेवली. "काका, गॅस उडून जाईल हो," असं मला कुरकुरत सांगत होता. ज्वारीची बिअर ती, गाळलेली नाही. रंग कसा? तर पांढुरका, गढूळ. आणि आंबिलीचं बिंदगं कुठे होतं? तेही कोपीच्या मागे, सावलीतच.

आता तुला कळलं असेलच. तू मास्तर होतास, उत्तर आधी काढून बसायचास.

पूजा झाली. किसनदादाने धोतर खोचलं, एक बिंदगं खांद्यावर घेतलं आणि पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरा घालायला निघाला. मागे आम्ही सगळे, "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत. हरभऱ्यावर, गव्हावर, बांधावर, कुठेच हात आखडता घेतला नाही त्याने. फेरा पुरा झाला. उरलेल्यातली एक ओंजळ दादा स्वतः पितो, ते तुला ठाऊकच आहे. त्याने ती प्यायली आणि जागच्या जागी थांबला.

"मीठ न्हाई हिच्यात!"

कमळाकाकू उसळल्या. "माझ्या आंबिलीत मीठ न्हाई? डोळ्यानं तर दिसत नव्हतंच तुमाला, आता जीभ बी गेली का?"

दादाने खात्रीसाठी आणखी एक ओंजळ घेतली. "मीठ न्हाई. लसूण न्हाई." मग तिसरी घेतली आणि जरा वेळ आकाशाकडे पाहिलं. "पर काय तरी हाय."

अभिजितचा चेहरा पांडवांसारखा पांढरा झाला. "काका, ते... ते माझं हाय."

"तुझं काय हाय?"

"बिअर."

दादाने बिंदगं हळूच खाली ठेवलं. "म्हणजे येळवशीच्या दिवशी म्या रानातल्या लक्ष्मीला दारू पाजली?"

कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं पुन्हा पूजा मांडा, कोणी म्हणालं सरांच्या रानात सरांच्याच पोरानं हे करावं का. तुझ्या नावाचा असा उपयोग लोक अजून करतात, बरं का. मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता सही कसली नि शेड कसली!

वहिनी पदर खोचून पुढे आल्या. "ज्वारी कुठली हाय रे?"

"आपलीच. ह्याच रानातली."

"मग रानातली रानात गेली. दादा, ही खरी आंबील घ्या अन् दुसरा फेरा घाला. भात गार होऊलालाय."

दादाने दुसरा फेरा घातला. जरा वेगाने घातला; जीव पहिल्या बिंदग्यात होता, कारण जेवताना त्याने दोनदा विचारलं, "ते पहिलं बिंदगं कुठं ठिवलं म्हनलात?"

जेवणं झाली. पुरुषमंडळींत बिंदग्यात उरलेल्या बिअरचे ग्लास फिरले, बायका तोंड वळवून बसल्या; म्हणजे सगळं नीट दिसेल असं वळवून. अभिजित मध्ये उभा. दादा म्हणाला, झकास. तुझा भाचा म्हणाला, एक नंबर. कोणीतरी म्हणालं, पुण्यामुंबईला रांगा लागतील. वहिनी एक ग्लास घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मला त्यातलं कळत न्हाई. भाऊजी, तुम्ही सांगा. मी तुमचंच ऐकणार."

अरे, हे वय आहे का माझ्यावर असं काही टाकण्याचं? पोराचं सगळं त्या एका ग्लासात येऊन बसलेलं. मी प्यालो. पहिल्या घोटाला शेकलेल्या भाकरीचा वास आला, खरंच आला. दुसऱ्या घोटाला जिभेवर खडूसारखं काहीतरी राहिलं. तिसरा घ्यावासा वाटला नाही.

"वहिनी, कल्पना मोठी आहे. जरा मेहनत, जरा काळ..."

"पेपरात लिहिल्यासारखं नका बोलू. चांगली हाय का न्हाई?"

मी अभिजितकडे पाहिलं. तो तुझ्यासारखाच उभा राहतो, एक हात कमरेवर. माझी पंचाईत करायलाच तू तो हात त्याला देऊन गेलास का?

"न्हाई," मी म्हणालो. "चांगली न्हाई."

"गॅस उडाला हो काका!" पोरगा कळवळून म्हणाला.

"गॅस असता तर गॅससकट वाईट लागली असती."

किसनदादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लक्ष्मीला दारू पाजली होती. अभिजितने ग्लास गोळा करायला सुरुवात केली. त्याला पुण्याची परतीची बस दिसत असावी. मी उठून चप्पल शोधू लागलो, दुसरं काय करणार?

वहिनींनी त्याच्या हातातले ग्लास घेतले.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून तुला कुणी वाईट म्हनलंच न्हाई. दाढी ठिवलीस, चांगली. तेवढ्याच पगारावर दुसरी नोकरी धरलीस, चांगली. बिनबापाच्या लेकराला कोण बोलतंय? मी बी बोलले न्हाई, माझं तोंडच उघडंना. म्हनलं, असाच येऊन बसलास तर सगळे 'चांगली, चांगली' करत तुला बुडवतील." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही 'चांगली' म्हनला असता, तर मी ह्याला आज संध्याकाळच्या गाडीनं धाडून दिलं असतं."

"म्हणजे?" अभिजित.

"म्हणजे ये. शेडची सही करते. पर दर खेपेला आधी भाऊजी पितील."

"आई, काका तर कधीच चांगली म्हणणार न्हाईत!"

"तेच पायजे मला."

सुधाकर, मी आयुष्यभर लोकांना वाईट म्हणून पोट भरलं, पण त्यासाठी माझी अशी रीतसर नेमणूक कोणी केली नव्हती. खरं तर ही जागा तुझी. तू ती न विचारता रिकामी करून गेलास, ही माझी तुझ्याविरुद्धची एकमेव तक्रार आहे. बाकीच्या तोंडी आहेत, भेटल्यावर सांगीन.

संक्रांतीनंतर वहिनींनी सही केली. शेडचे खांब उभे राहिले आहेत. पोराने परवा नवी खेप पाठवली. मी फोन करून 'वाईट' एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "किती वाईट?" त्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो.

तेव्हा वचन देतो. वाईट झाली तर वाईट म्हणेन, त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर, पाहुण्यांदेखत कधीच नाही. त्याच्यावर माझ्या सदरात एक ओळ लिहिणार नाही, आणि हा त्याग किती मोठा आहे ते तुला कळेल. चांगली झाली तर? तर काही बोलणार नाही. नुसता ग्लास पुन्हा पुढे करीन. पोरगा तुझा आहे, त्याला तेवढं पुरेल.

तुझा,
मधू
नांदेड