फळ न धरणारा वेल

सरू, धाकटे जाऊबाई,

तू विसराळू ती विसराळूच. विहिरीवर निघालीस की दोर खांद्यावर आणि घागर घरी. फोडणी टाकून मीठ मागायला शेजारी जायचीस आणि मीठ सोडून बाकी सगळ्या गावाची खबर घेऊन परत यायचीस. मरतानाही तीच गत! गाय कोणाला द्यायची ते सांगितलंस, तांब्याची घागर, दोन लुगडी, सगळ्याची सोय लावलीस. मागच्या कुंपणावरचा कोणता वेल कशाचा, तेवढं सांगायचं राहिलं. मग मी काय करावं? पत्र लिहावं, दुसरं काय.

मला कुठे लिहिता येतं? शाळेचे पंतोजी ओट्यावर आणून बसवले आहेत. म्हणाले, आजीबाई, मेलेल्या माणसाला पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, जिवंत माणसं माझं ऐकत नाहीत, म्हणून. वर 'चिरंजीव' लिहू का म्हणून विचारत होते, मग त्यांचं त्यांनाच उमगलं आणि नुसताच बोरू दौतीत बुडवत बसले. माझं 'मले-तुले' ते 'मला-तुला' करून लिहितात. लिहू देत. माझा आवाज तुला ठाऊक आहे.

आजच का लिहिते, तर उद्यापासून पितर यायला लागतील. तुझं हे पहिलंच वर्ष. पुढच्या दाराने तू कधी आली नाहीस, आताही येणार नाहीस. थेट मागे जाशील, कुंपण पाहशील आणि विहिरीकडच्या खुंटापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहशील. तिथे काय झालं ते आधी माझ्या तोंडून ऐक.

तू गेल्यावर तुझा अर्धा परस माझ्या गणपतकडे आला. आपल्या तिवश्यात आता कापसाशिवाय दुसरी गोष्ट नाही. कुठे समुद्रापलीकडे गोरे आपसांत लढून राहिलेत म्हणे, म्हणून आपल्या कापसाला भाव, आणि इथे नागपूरच्या रस्त्यावर दिवसभर गाड्यांची रांग तुटत नाही. लोकांनी धुरे, शेतांचे बांधसुद्धा नांगरून कापसाची पराटी लावली. बैलांच्या शिंगांना चांदी आली आणि घरात शिजवायला भाजी नाही! मिरचीसुद्धा अमरावतीच्या बाजारातून येते, सरू. आपल्या गावात, मिरची!

गणपतचंही चुकत नाही, ते मी कबूल करते. मागच्या साली त्याचा अर्धा कापूस अंगणात भिजला. म्हणून त्याला तुझा वेलांचा मांडव आणि आपल्या दोघींच्या मधलं कुंपण काढून तिथे पक्क्या भिंतीची कोठी बांधायची आहे, वेचणीच्या आत. मी नको म्हटलं तर मला म्हणतो, "माय, मंग कापूस कुठी ठेवू? तुया डोक्यावर?" मी म्हटलं, ठेव, डोकं रिकामंच आहे. तो हसला, पण हटला नाही. शेवटी एवढं ठरलं की पोळ्यापर्यंत कुंपणाने काही देऊन दाखवावं. दिलं तर राहील.

मग मी पदर खोचला. तुझं हे राज्य मी वीस-बावीस वर्षं पलीकडून पाहिलं होतं, अलीकडे येऊन पहिल्यांदाच पाहिलं. वैशाखात काय उरलं होतं? तुराट्या आणि पराट्यांचा सांगाडा. मी रोज सकाळी काठी घेऊन फिरले आणि कोण कामाचा, कोण बिनकामाचा ते ठरवत गेले. दगडाच्या टोकाला, जिथे पाणी पोचत नाही, तिथे तू कांडवेल का लावलीस ते मला तेव्हा कळलं. बाकी सगळं जळलं आणि तो आपला हिरवागार, जाडजूड, एखाद्या सावकारासारखा. गोठ्याच्या भिंतीवरची तोंडली वाळून काडी झाली होती. मी ती उपटणार होते, पण मुळाशी ओल लागली म्हणून सोडली. आज ती भिंत दिसत नाही.

गुळवेलीची तर गंमतच. मांडवाचा खांब बदलताना मी ती बुडापासून तोडली आणि निंबाच्या फांदीवर फेकून दिली. पंधरा दिवसांनी पाहते तर वरून दोऱ्यासारख्या मुळ्या खाली सोडून ती मातीत पुन्हा उतरलेली. तिला मरायचंच ठाऊक नाही. तुझ्यापेक्षा तीच शहाणी म्हणायची.

एक चूक कबूल करते. हौसेने दुधी मांडवावर चढवला, तू बिचारी नेहमी जमिनीवरच पसरू द्यायचीस. चार दुधी धरले आणि अर्धा मांडव माझ्या पाठीवर आला. पाठ अजून दुखते. मग मांडवाला दोडका आणि वाल, हलक्या अंगाचे, तेवढेच ठेवले.

पण दोडका, तोंडली दाखवून गणपत ऐकणारा नाही. त्याला लहानपणापासून एकच भाजी गोड, ती पावसाळ्यातल्या काटेरी काटवलाची. आणि काटवल आता गावात कोणाकडेच नाही, कारण ते यायचं धुऱ्यांवर आणि धुरेच गेले. तुझ्या कुंपणावर मात्र तीन कंद होते. आषाढात तिन्ही फुटले, तिन्ही चढले, पिवळी फुलं आली. दोन वेलांच्या फुलाखाली बारीक काटेरी गाठ दिसत होती. तिसरा, विहिरीकडच्या खुंटाचा, नुसता फुलायचा. सगळ्यांत आधी फुलला, सगळ्यांत जास्त फुलला, आणि फळाचं नाव नाही. खाली पडलेली फुलं झाडून माझी कंबर मोडली. मला राग आला. पोळा जवळ येऊन राहिला आणि हा फुकटचं पाणी पितो! कुदळ घेतली, कंदासकट खणून काढला आणि त्या आळ्यात दोडका लावला.

आता तू डोक्याला हात लावलास ना? लाव.

पुढे काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण पंतोजींना कळलं पाहिजे. ते बोरू वर धरून बसलेत. उरलेल्या दोन वेलांच्या गाठी पिवळ्या पडून गळायला लागल्या. मी ताक ओतलं, राख टाकली, कोणाची नजर लागली म्हणून जुनी वहाण बांधली. आळ्यापाशी बसून शिव्याही दिल्या. रोज सकाळी खाली वाळलेल्या गाठींचा सडा.

श्रावणात मैनी आली. पोहऱ्याच्या जंगलातून मोळी आणते ती, तुझ्याकडे पाणी प्यायला थांबायची तीच. तिने वेल पाहिला, मला विचारलं, मी सांगितलं. मोळी खाली टाकून ती मटकन बसली आणि हसत सुटली.

"आजी, नवरा हाकलून देल्ला न् आता लेकराची वाट पाहून राहिली काय?"

काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेगळी असते, हे मला साठाव्या वर्षी कळलं, सरू. नराला फळ कधीच येत नाही. पण तो नसला तर दुसऱ्या कोणालाच येत नाही. आणि धुऱ्यांवरचे गेल्यावर साऱ्या शिवारात तेवढा एकच नर उरला होता. तोच मी खणला.

मैनी गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. तेव्हा आठवलं की तू विसरली नव्हतीस. तू सांगितलं होतंस. पाच-सहा वर्षं झाली असतील. तू त्या वेलाला पाणी घालत होतीस आणि मी पलीकडून टोमणा मारला होता की ज्याला फळ नाही त्याला एवढं कशाला जपतेस. तू मान वर न करता म्हणालीस, "राहू द्या, बाई. त्याचं काम तो करून राहिला." मला वाटलं, तू स्वतःबद्दलच बोललीस. म्हणून मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर? तू सांगितलं असतंस. पण मला त्या शब्दाजवळ पुन्हा जायचं नव्हतं.

कोणत्या शब्दाजवळ, ते पंतोजींना लिहायला सांगू की नको? लिहा, पंतोजी.

गणपत पाच वर्षांचा होता. तुझ्या मांडवावरचं कोवळं वाळूक तोडताना वेलच ओढून आणला त्याने. तू त्याला रागावलीस, एवढंच. मी सगळ्या बायांसमोर तुला वांझ म्हटलं. वांझेला लेकराची भूक काय कळणार, असं म्हटलं. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तू एकटी तुराट्या रोवत होतीस, आपल्या दोन परसांच्या मधोमध. ते हे कुंपण.

पण तुला धड रागसुद्धा धरता आला नाही. त्याच साली कुंपणाला वाळकाचा वेल लावलास आणि त्याचे शेंडे रोज माझ्या बाजूला वळवत राहिलीस. पलीकडे लोंबेल ते तुमचं, म्हणायचीस. माझ्या बाजूच्या एकाही फळाला तू कधी हात लावला नाहीस. बावीस वर्षं तू मला असं जेवू घातलंस आणि बावीस वर्षं मी तो शब्द गिळून बसले. तुझ्या शेवटच्या दिवशी उशाशी होते मी, तेव्हाही काय बोलले? पाणी घे, एवढंच. असं कसं झालं गं? जीभ तर माझी गावात कोणापुढे हरत नाही.

तो शब्द मी परत घेते, सरू. उशिरा घेते, पण कागदावर घेते.

रडत बसले नाही, ते तुला पटेल. मैनीला म्हटलं, मला नराचा कंद पाहिजे. ती म्हणाली, जंगलात फूल पाहून ओळखावा लागेल, आणेन कधीतरी. मी म्हटलं, कधीतरी नाही, मी येते. दोन दिवसांनी गणपतच्या गाडीवानाला जंगलाच्या तोंडापर्यंत न्यायला लावलं आणि तिथून मैनीच्या मागे पायी गेले. काट्यांनी लुगडं फाटलं, एक वहाण चिखलात राहिली. पण फुललेला नर सापडला. मैनीने मातीसकट खणला आणि मी तो पदरात घेऊन आले. विहिरीकडच्या खुंटापाशी, तुझ्याच आळ्यात लावला. दोडक्याला हलवलं. तो रुसून मेला, मरू दे.

पोळ्यापर्यंत नव्या वेलाला हातभर शेंडा आला, फूल नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गणपत दोन गडी आणि कुऱ्हाडी घेऊन मागे आला. मी कुंपणाला टेकून बाज टाकली आणि बसले. "आधी मले उचल," म्हटलं, "मंग कुंपण."

गडी एकमेकांकडे पाहायला लागले. गणपतने त्यांना जायला सांगितलं आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. मग त्याने विचारलं, "काकू कायले इतकी जपे हे कुंपन?"

मी त्याला वाळकाची गोष्ट सांगितली. काय म्हटलं होतं तेही सांगितलं. त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. मुलाच्या तोंडाकडे पाहत आपली चूक सांगणं कसं असतं, ते तुला काय सांगू. तो खाली मान घालून म्हणाला, "मले तर काकूनं कवाच वाळकाले नाही म्हटलं नाही." मग उठला, धोतर झटकलं. "दसऱ्यापर्यंत. त्याच्यापुढं नाही." एवढं बोलून गेला. भिजलेला कापूस त्याच्याही डोळ्यांपुढून जात नाही, सरू. त्याला दोष देऊ नकोस.

आता ताजी खबर. काल दिवे लागायच्या वेळी विहिरीकडच्या वेलावर पहिली तीन फुलं उमलली. नराची. आत्ता उठून मी चष्मेवाल्या पंतोजींना हात धरून नेलं आणि पाहून घ्यायला लावलं. फुलाखाली गाठ नाही, अगदी रिकामं. इतकं रिकामं फूल पाहून मला कधी एवढा आनंद झाला नव्हता. पलीकडच्या दोन्ही वेलांवरही फुलं आहेत. दसऱ्याला अजून वेळ आहे. फळ धरेल की गळेल, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात होतं ते मी केलं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. घडी करून त्याच आळ्यात, मुळापाशी पुरणार आहे. तिथून तुला मिळेल, खात्री आहे.

आणि वचन ऐक. दसऱ्याला फळ असो की नसो, मी बाज उचलणार नाही. गणपतने कोठी माझ्या बाजूला बांधावी, माझा ओटा मोडून बांधावी. मी तसं त्याला उद्या सांगणार आहे. ओटा तसाही भांडायलाच वापरला मी. पण कुंपण राहील आणि त्यावर तो बिनफळाचा वेलही राहील. मी असेपर्यंत त्याला पाणी मी घालीन. माझ्यानंतर कोणी घालायचं ते मी विसरणार नाही सांगायला, मी काही तू नाही.

तुझ्या तिथीला पानावर काय वाढायचं ते मी पाहते, त्याची काळजी करू नकोस. तू तिकडून एवढंच कर. काटवलं पाठव. कोवळी पाठव, आत बी धरायच्या आधीची, माझ्या दाढा राहिल्या नाहीत. आणि पहिलं फळ माझ्या बाजूला लोंबू देऊ नकोस. ते तुझ्या बाजूला असू दे, मी कुंपणाला वळसा घालून येऊन तोडीन.

तुझी थोरली जाऊ,
गोदा
सहीच्या जागी निशाणी बांगडी. हातात नाही उरली, कागदावर चालते म्हणतात पंतोजी.