गोलकीपरची ओळ

ती. बाबांस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. हॉटेलच्या लाँड्रीत पांढरी चादर इस्त्रीला पसरली की मला हॉकीचं मैदानच दिसतं. आपला संघ यंदा तळाला गेला खरा, पण आता नवी भरती होणार. वाफेत मी खेळाडू उभे करते. डावीकडे नवा चपळ पोरगा, मधे आपला म्हातारा कप्तान. त्याला काढायचं नाही हं! परवा अशीच रमले आणि चादर करपली.

दरवर्षीची यादी सोबत आहे. दहा जण मी निवडलेत. गोलकीपर नेहमी तुम्ही लिहिता, म्हणून ती ओळ कोरी ठेवली आहे.

आजारपणापासून तुमची पत्रं आईच्या अक्षरात येतात. हे एक नाव तेवढं तुम्ही लिहा. वाकडंतिकडं चालेल. घाई नाही, मोसमाला अजून चार महिने आहेत.

तुमची,
चादरजाळी लेक