अरुंद खाचेतलं औषध

१८ जून २००१, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने ठेवावी, पुढे चरित्रकाराला बरी पडते.
डोकं अजून तापलेलं आहे. शनिवारी स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी जाहीर केलं की केमिस्ट्रीचे हेड ऑक्टोबरात रिटायर होतायत आणि ती खुर्ची पीएच.डी. असलेल्यालाच मिळणार. सांगताना बघत होते मैथिली मॅडमकडे. मला अकरा वर्षांनी ज्युनिअर! पीएच.डी. कशावर, तर विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांवर. क्षारांवर!
माझं रजिस्ट्रेशन ३० सप्टेंबरपर्यंत आहे. संकल्प : त्याआधी थीसिस. रोज पहाटे चारला उठणे. चिडणे बंद.

१९ जून. सकाळी ८.४०
आत्ता उठलो. विनोदिनीने हाक मारली नाही. बायको हायस्कूलमध्ये सायन्स शिकवते, तिला संशोधनाची किंमत असायला हवी. तसं तिला ऐकवलं. ती डबा भरत होती, भरत राहिली.

२३ जून
विषय नीट मांडून ठेवतो. डीएनए म्हणजे पिळाची शिडी. पिळामुळे तिच्या अंगावर दोन खाचा पडतात, एक रुंद, एक अरुंद. अरुंद खाचेत नेमका बसेल असा छोटा रेणू बनवला की कॅन्सरच्या पेशीची वाचा बंद. जगात लोक हे कॉम्प्युटरवर करतात. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर एकच, आणि तो क्लार्कने प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलाय. चावी मागितली तर म्हणाला, साहेब, परीक्षेच्या टायमाला काढतो. रेणूचं नाव मात्र आमच्या गावावरून नक्की केलं : महाड-१.
गाइडला फोन करावा, असं विनोदिनीचं मत. करणार नाही. माझा गाइड कोण, तर निषाद! ज्या विद्यार्थ्याच्या हातात मी पहिला ब्युरेट दिला, तो आता पुण्यात डॉक्टर निषाद. त्यानेच फोन करायला हवा. दर सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट पाठवा म्हणे. मुळीच नाही. गुप्त काम असं कोणी पोस्टाने पाठवतं का?

१ जुलै, रविवार
पोलादपूरला चांगूकडे गेलो. टोपल्या, सुपं विणतो. त्याला बांबूच्या कामट्यांची सहा फुटी पिळाची शिडी करायला सांगितली. चित्र ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर काढून नेलं होतं. त्यावरची अक्षरं, आकडे, बाण मुद्दाम पुसून टाकले. एमआयडीसीत इतक्या औषध कंपन्या, कान सगळीकडे असतात.
चांगू कागद उलटापालटा करत काहीतरी विचारायला लागला. मी म्हटलं, तुझं काम पिळायचं, विचारायचं नाही. अशा लोकांना वेळच्या वेळी गप्प करावं लागतं.

८ जुलै
मॉडेल आणलं. कंडक्टरने एसटीत घेतलं नाही, टपावर टाकायला लावलं. शिवाय, हे कोंबड्यांचं खुराडं आहे का, असं विचारलं! त्याचा बिल्ला नंबर लिहून घेतलाय. तक्रार करणार.

२३ जुलै
सावित्रीचं पाणी बाजारपेठेत, कॉलेजला सुट्टी. शास्त्राला सुट्टी नसते.
आज माझी पद्धत सापडली. मळलेली कणीक खाचेत दाबायची, अलगद काढायची, वाळवायची. जो आकार निघेल तेच औषध! लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर जे करतं ते परातीत झालं. विनोदिनी म्हणाली, चार पोळ्यांची कणीक गेली. कॅन्सर की पोळ्या, असं विचारलं. पोळ्या, म्हणाली. संतापून भातावर जेवलो.

२५ जुलै
महाड-१चा डावा हात उंदरांनी खाल्ला. घरात कुणाचं लक्ष नसतं.

११ ऑगस्ट
महाड-१ पूर्ण. कणकेवरून कागदावर उतरवला, तिथे कार्बन, तिथे नायट्रोजन, सगळं चपखल. थीसिसची एकशे बारा पानं टायपिंगला दिली. मॉडेलचं काम संपलं. विनोदिनीने ते परसात नेऊन घेवड्याच्या आळ्यात रोवलं. थोर वस्तूंचं हे असं होतं.
हेडच्या खुर्चीला गादी नवी करून घ्यावी लागेल.

९ सप्टेंबर, रविवार
आज जे झालं ते लिहिताना दोनदा कागद फाटला. रागाने.
सकाळी विनोदिनी बारावीचं बायॉलॉजीचं पुस्तक उघडून परसात उभी. मला हाक मारून म्हणाली, बघा हो, घेवड्याचा वेल कामट्यांना धरून चढतच नाही, आडवा जातो. वेल एकीकडे वळतोय, तुमची शिडी दुसरीकडे. आणि पुस्तकातला डीएनए वेलासारखा वळलाय.
मी म्हटलं, वेलाला काय कळतं? मग पुस्तक पाहिलं. मग मॉडेल. मग आरशात मॉडेल.
आरशात बरोबर दिसतंय.
चहाचा कप फेकला. स्टीलचा होता.

१० सप्टेंबर
कॅज्युअल रजा घेऊन पोलादपूर. चांगूला अंगणातच फैलावर घेतलं. तो विळा खाली न ठेवता म्हणाला, "मास्तर, मी तवाच इचारीत होतो नाय का, कागद दोनी बाजूंनी सारखाच दिसतोय, कंची बाजू धरू? तुमी माझ्या अंगावर वरडलाव. मग धरली एक." शेजारपाजारचे जमले होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असल्या लोकांना. पाणी विचारलं त्याने. घेतलं नाही. घाट चढून आल्यासारखी धाप लागली होती खरं तर.

१३ सप्टेंबर. दुपारी ३
सापडलं! डाव्या पिळाचाही डीएनए असतो, त्याला झेड-डीएनए म्हणतात. क्वचित असतो, पण असतो. म्हणजे मी चुकलो नाही, पुढे गेलो. फक्त थीसिसचं नाव बदलायचं. एकशे बारा पानांत प्रत्येक ठिकाणी 'डीएनए'च्या आधी 'झेड' हाताने घातला. टायपिस्टला अपमान वाटला तर वाटो.
झेड-डीएनएच्या खाचा वेगळ्याच असतात, असं त्याच पानावर खाली लिहिलंय. बारीक टाइपात. इतकं महत्त्वाचं असतं तर मोठ्या टाइपात लिहिलं असतं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. पुणे स्टँड, संध्याकाळी ५
वरंध घाटाने आलो, दोनदा एसटी बंद पडली. न कळवता गेलो, निषादला तयारीला वेळ मिळू नये म्हणून. तो उठून उभा राहिला, पाया पडला. थीसिस वाचायला घेतला. चौदाव्या पानावर थांबला. मी म्हटलं, परवा शेवटचा दिवस आहे, सही कर.
तो म्हणाला, "सर, तुमचं रजिस्ट्रेशन नव्व्याण्णव सालीच रद्द झालं. रिपोर्टच आले नाहीत. दोन पत्रं पाठवली होती आम्ही."
मी टेबलावर हात आपटला. पत्र आलंच नाही, हा पोस्टाचा नालायकपणा, कोर्टात खेचतो. त्याने फाइल काढली. दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या होत्या. सही विनोदिनीची. दोन्हीवर, स्पष्ट, पूर्ण नावाने.
निषाद म्हणाला, चहा घेऊन जा सर. घेतला. चिडायचं राहून गेलं.

२९ सप्टेंबर. दुपारी १२
सबंध घाटभर वाक्यं जुळवली होती. दारातच सुरू करणार होतो. पण ओठावर आलं ते एवढंच : दोन वर्षं तू मला का नाही सांगितलंस?
ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पहिलं पत्र आलं त्या दिवशी तुम्ही पेपरवाल्यावर चिडला होतात. म्हटलं, उद्या सांगू. उद्या आपल्या ऋत्विकच्या मार्कांवर चिडलात. पोराने तर नंतर गुणपत्रिका दाखवणंच सोडलं. दुसरं आलं तेव्हा मी पत्र हातात धरूनच तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही म्हणालात, मध्ये मध्ये करू नकोस, काम चाललंय. मग वाटलं, काम करताना निदान तेवढा वेळ तरी खुशीत असता."
पोराने गुणपत्रिका दाखवणं सोडलंय, हेही मला आजच कळलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चूक हिचीच आहे, असं लिहायला पेन उचललं होतं, पण लिहिलं जात नाही.
विचारलं, आणखी काही आहे का, जे मला कोणी सांगितलेलं नाही?
ती म्हणाली, आधी बसा. ओरडणार नाही म्हणा.
बसलो. ओरडणार नाही म्हटलं.
तिने सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. ती दुसऱ्या हातावर गेली तेव्हा मी पाणी मागितलं, अगदी हळू आवाजात.