कर्णाईचा नवस

५ डिसेंबर, गुरुवार

सासूबाईंनी जाहीर केलं— रविवारी कर्नाळा! किल्ल्यावरच्या कर्णाईदेवीचा नवस फेडायचाय. दोन मजले चढताना दोनदा बसतात आणि गड म्हणे! कसला नवस ते सांगत नाहीत. "फेडल्याबिगर बोलायचा नसतं." सांगायला कशाला हवं? लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. नातवाचाच असणार. पण मूल नाही तर फेडणार काय? आगाऊच फेडून देवीला भिडेत पाडायचा विचार दिसतोय!

७ डिसेंबर

पुढच्या गुरुवारी पुन्हा दवाखाना. दोन वर्षांपूर्वी पोटातलं गेलं, तेव्हापासून नुसती इंजेक्शनं. मला आता नको आहे हे. थकले. निकेशला सांगितलं तर म्हणतो, "मला चालेल, पण आईला तूच सांग." वा रे नवरा! माझी हिंमत होत नाही.

८ डिसेंबर, रविवार

अभयारण्याच्या गेटवर पिशव्या तपासल्या, प्लास्टिक काढून घेतलं. बाकीची मंडळी दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला आलेली, आमच्या सासूबाई अनवाणी, ओटीचं सामान सांभाळत. दर वळणावर बसायच्या. मनात राग होता, तरी हात मीच धरला. निकेश पुढे— फोटो काढत.

देवळात देवीची ओटी भरली आणि मग माझ्याकडे वळल्या. माझ्या पदरात खण-नारळ! मला रडूच फुटलं. म्हटलं, "आई, अजून काहीच नाही झालं. कसला नवस फेडताय?"

"नातवाचा नाय गो. तू हास्पिटलान व्हतीस, रगात थांबत नव्हता. मी देवीला बोल्ले, आई, पोराचा राहू दे, माजी रंजिता घरा येऊ दे. आलीस ना?"

"मग दोन वर्षं का थांबलात?"

"गुडघं आयकत नव्हते!"

हसावं की रडावं कळेना. देवळातून वर किल्ल्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सुळक्याला मोहोळं लटकलेली, म्हणून हळू आवाजात बोलत भाकरी खाल्ली. खाली पनवेल. इतक्या इमारतींत आमचं गाव विचुंबे काही सापडलं नाही.

९ डिसेंबर

सकाळी सासूबाईंना सांगून टाकलं— मला उपचार नकोत. मग दवाखान्याला फोन लावला, पण पलीकडून आवाज आला आणि मी भलतंच, गुरुवारची वेळ विचारत बसले. सासूबाईंनी हातातून फोन घेतला. "रंजिता नाय येनार. आमच्या पोरीनं लय सोसला. आता बास."